सपाट तळव्यांचा कुलदीप

कुलदीपला बूट बदलून मिळाले असतील का, हा विचार शकुनच्या डोक्यातून जात नव्हता. जेवला असेल का, झोपला असेल का, हे प्रश्न कोणत्याही आईला पडतात तसे तिलाही पडत. पण ते येत आणि जात. बुटांचा प्रश्न मात्र ठाण मांडून बसला होता. अमरावतीत राजापेठेतल्या घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या वह्या ती तपासायला घ्यायची आणि दाराशी काढून ठेवलेल्या चपलाबुटांच्या ढिगाकडे नजर गेली की हातातला लाल पेन तिथेच थांबायचा. कुलदीपचे तळवे सपाट होते. मधली कमान अशी नव्हतीच. असा पाय कडक बुटात कोंबला आणि पाठीवर ओझं देऊन चालवला, तर संध्याकाळी घोटा आतल्या बाजूने सुजतो, पोटरी दगडासारखी होते. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तो शाळेत असताना तिनेच कित्येकदा ते पाय मिठाच्या कोमट पाण्यात धरून ठेवले होते. आता ते पाय जिथे होते, तिथे हे कोणाला ठाऊक असणार?

त्याचा फोन येऊन सदतीस दिवस झाले होते.

कुलदीप चालायला लागला तो भातकुलीजवळच्या गावी, ऐन महालक्ष्म्यांच्या दिवसांत. शकुनने अंगण सारवलं होतं, रांगोळीची पावलं काढायची तयारी चालली होती, आणि हा पठ्ठ्या ओल्या सारवणावरून धावत थेट देवघरापर्यंत गेला. मागे पावलं उमटली ती अख्खी, टाचेपासून बोटांपर्यंत भरलेली, भाकरीसारखी. शेजारच्या गोदाबाई कंबरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"बाप्पा! शकुन, हे काही लक्ष्मीचे पाय नाही वं. तुह्या घरी तर हत्ती आला!"

सगळ्या हसल्या. शकुनने त्या वर्षी ती पावलं पुसलीच नाहीत, त्यांच्या बाजूनेच रांगोळी काढली.

पुढे मुलाच्या शिक्षणासाठी ती अमरावतीला राहायला आली. नवरा देवीदास शेतीमुळे गावीच असायचा, आठवड्याला येऊन जायचा. शकुन भूगोल घेऊन बी.ए. झालेली. गावात कोणाच्याही घरी इंग्रजी कागद आला, बँकेचा, कोर्टाचा, दवाखान्याचा, की तो शकुनकडे यायचा. ती चष्मा लावून वाचायची आणि दोन वाक्यांत अर्थ सांगायची. तिने "काळजीचं काही नाही" म्हटलं की माणूस कागदाची घडी करून निश्चिंत घरी जाई. तिचं वाचणं चुकलंय, असं आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं.

कुलदीप अभ्यासात बेताचा. त्याला दोनच गोष्टी मनापासून जमायच्या, धावणं आणि माणसं मोजणं. दुसरी गोष्ट ऐकून लोक हसत, पण खरंच होतं. सहलीला गेला तर बस सुटण्याआधी मास्तरांच्या आधी हा मुलं मोजून मोकळा. लग्नाच्या पंगतीत बसला तरी पंगत मोजायचा. "आई, एक पान कमी आहे," म्हणायचा, आणि खरोखरच कोणीतरी म्हातारा मांडवाच्या मागे उपाशी बसलेला सापडायचा.

त्याला फौजेत जायचं होतं. गोदाबाईंचा नितेश आणि तो, दोघं पहाटे गावच्या रस्त्यावर धावत. भरतीच्या मैदानात कुलदीप धावण्यात पहिल्या दहांत आला. मग वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी त्याला ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं. बाजूला व्हायला सांगितलं. फरशीवर तीच पावलं उमटली होती, टाचेपासून बोटांपर्यंत भरलेली.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "बेटा, तुझ्यात खोट काही नाही. पण पाठीवर वजन घेऊन तू दोन दिवस चाललास तर तिसऱ्या दिवशी तुझा पाय साथ देणार नाही. मग तुझ्यासाठी दुसऱ्याला थांबावं लागेल, आणि तुम्ही दोघंही जाल."

कुलदीप घरी आला आणि दोन दिवस पहाटे धावायला उठला नाही. शकुनने त्या डॉक्टरला मनातल्या मनात फार शिव्या दिल्या. आता आठवलं की वाटे, त्या डॉक्टरचेच पाय धरायला हवे होते.

नितेशही त्याच खेपेला नापास झाला. लहानपणी तलावात पोहताना त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता.

मग कुलदीप अकोल्याला एका जिनिंगच्या गेटवर लागला, ठेकेदारामार्फत, सुरक्षा रक्षक म्हणून. निळा गणवेश, शिट्टी आणि एक वही. कापसाच्या हंगामात सकाळी बायका कामावर आत जायच्या, संध्याकाळी बाहेर यायच्या. त्यांची मोजणी करा, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तो करायचा. एकदा त्याने गेटला कुलूप लावू दिलं नाही. सकाळी एकेचाळीस आत गेल्या आणि चाळीसच बाहेर आल्या, म्हणून अडून बसला. मुकादम खेकसला, "पोट्ट्या, तुह्या बापाची जिनिंग हाये का बे?" तरी हा हलला नाही. शेवटी शोधलं तेव्हा रुईच्या गंजीमागे एक बाई चक्कर येऊन पडलेली सापडली. देवीदासने हे अख्ख्या गावाला सांगितलं होतं.

त्या जिनिंगच्या ठेकेदाराकडेच त्याला चंद्रभान साहेब भेटले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, उंचेपुरे, मिशा पांढऱ्या. पंपांच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. परदेशात पहारेदारीच्या कामाला ते मुलं पाठवत. भरतीत नापास झालेली पोरं त्यांच्या पाया पडायची. फौजेने नाही म्हटलं तरी फौजेचाच माणूस हो म्हणतोय, यात त्यांना फार समाधान वाटे.

कुलदीपची निवड झाली त्या दिवशी तो अकोल्याहून उड्या मारत आला.

"आई, दहा मिनिटांत मेडिकल झालं! वजन केलं, बी.पी. पाहिला, बस. मी म्हटलं, बूट काढू का? तर म्हणे, राहू दे, काही गरज नाही. बूट काढायले बी नाही सांगितलं!"

त्या बातमीवर शकुनने शिरा केला होता. बूट काढायला सांगितले नाहीत म्हणून.

करार अकरा पानांचा, इंग्रजीत. देवीदास, गोदाबाई, नितेश, सगळे समोर बसले आणि शकुनने वाचला. काम आखातातल्या एका छावणीच्या गेटवर. राहणं-जेवण कंपनीचं. चौथ्या पानावर एक ओळ होती: कामाच्या गरजेनुसार माणसाला इतर कोणत्याही ठिकाणी हलवलं जाऊ शकेल.

"हे काय?" देवीदासने विचारलं होतं.

"बदली हो," शकुन म्हणाली होती. "सगळ्याच नोकरीत असते. मास्तरांची नाही का होत?"

तिच्या माहेरी दोन मास्तर आणि एक तलाठी. तिला ठाऊक असलेली बदली म्हणजे एसटीत सामान टाकून दुसऱ्या तालुक्याला जाणं. त्याखालच्या ओळीत लिहिलं होतं की हा माणूस कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार समजला जाईल. 'स्वतंत्र' हा शब्द तिला चांगला वाटला. तिने पान उलटलं आणि म्हणाली, "काळजीचं काही नाही."

पहिले चार महिने ठीक गेले. आठवड्याला एक फोन, दहा मिनिटांचा. कुठे आहोत हे सांगायची मनाई होती, फोनपाशी कोणीतरी उभं असायचं. पण कुलदीपने मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवलं होतं, आणि शकुन भूगोलाची होती.

"कुलदीप, दुपारी तुझी सावली सगळ्यांत छोटी कधी होते रे? तुझ्या घड्याळात पाहून सांग."

"आई, तू इथंबी शिकवणी घेऊन राहिली!" तो हसला. पण पुढच्या वेळी त्याने सांगितलं.

एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक. तिने नकाशासंग्रह उघडला आणि पेन्सिलने रेष ओढली. आखातच होतं. बरं वाटलं.

पाचव्या महिन्यात त्याचा आवाज बदलला. आता गेट नाही, म्हणाला. दुसरीकडे आणलंय. सावली? अमरावतीपेक्षा अडीच तास उशिरा. तिने पुन्हा हिशोब केला. साडेसदतीस अंश पश्चिमेला. चाळिसाव्या रेखांशाच्या आसपास तिने दुसरी रेष ओढली आणि तिच्याकडे पाहतच राहिली. सावलीने नुसती उभी रेष मिळते, ठिकाण मिळत नाही. ती रेष वर रशियापासून निघून खाली आफ्रिकेपर्यंत जात होती, आणि वाटेत किती तरी जागी बातम्यांत रोज दिसणारी आग होती. तिचा मुलगा त्या रेषेवर कुठेतरी उभा होता. मास्तरांची बदली अशी होत नाही.

शेवटचा फोन आला तेव्हा दुपार होती. मागून मोठ्या गाड्यांचा आवाज येत होता.

"आता सामान न्यायचं काम हाये. गाडी जिथं थांबते तिथून पुढं पाठीवर."

"कसलं सामान?"

"पेट्या राहतात."

"पाय कसे आहेत?"

"जागेवर हायेत," तो हसला, पण ते हसणं लगेच विझलं. "बूट एक नंबर छोटा हाये. बदलून मागितला, तर म्हणतात दुसरा नाही. बाबाले नको सांगजो."

"तिथं साहेब कोण आहे तुमचा? त्याला सांग ना."

"साहेब रोज दुसराच राहते. आई, इथं हजेरीबी नाही होत. सकाळी मीच मोजतो सगळ्यांले. बत्तीस होतो आमी."

"होतो म्हणजे?"

फोन कटला. त्यानंतर सदतीस दिवस.

सरकारी तक्रारीचा अर्ज तिने मोबाईलवर उघडला. नाव लिहिलं, पासपोर्टचा नंबर लिहिला. पुढचा रकाना होता, सध्या कोणत्या देशात. आखातातल्या देशाचं नाव लिहून पाठवला, तर तिथून उत्तर आलं की सदर व्यक्ती काही महिन्यांपूर्वीच देश सोडून गेली आहे. कुठे गेली, याची नोंद नाही. रेखांश लिहायला अर्जात जागा नव्हती.

मग ती आणि देवीदास अकोल्याला गेले. जिन्यावर हातात फायली घेतलेली पोरं बसली होती. त्यांच्यातला एक उठून तिच्या पाया पडला. नितेश होता.

"काकू! मायंबी नाव लागलं. मेडिकलबी झालं. कुलदीपले सांगजा, मी येऊन राहिलो म्हणून."

बोलताना त्याने सवयीने उजवा कान तिच्याकडे केला होता.

"सांगते," शकुनच्या तोंडून निघून गेलं.

चंद्रभान साहेब उठून उभे राहिले. "या ताई. चहा सांगतो."

"चहा नोको," देवीदास म्हणाला. "पोरगा कुठी हाये थे सांगा."

"मीबी तेच विचारून राहिलो, भाऊ. दिल्लीवाले एजंट म्हणतात, आमी आखातातल्या कंपनीले माणसं दिले. थे म्हणतात, आमी पुढच्या ठेकेदाराले दिले. अन् थो पुढचा फोनच नाही उचलत."

"म्हणजे आमचा मुलगा आहे कोणाचा माणूस?" शकुनने विचारलं.

चंद्रभान साहेब खुर्चीत बसले. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांचाच फोटो होता, छातीवर पदकं लावलेला.

"तुम्ही किती वर्षं होता फौजेत?"

"अठ्ठावीस."

"तिथं असं झालं असतं?"

साहेबांनी मागे वळून फोटोकडे पाहिलं, जणू त्यालाच विचारत होते. "ताई, फौजेत संध्याकाळी हजेरी होते. एक जवान कमी भरला तर वरच्या साहेबापर्यंत कोनी जेवत नाही. मेला तरी त्याले घेतल्याशिवाय मागं फिरत नाही आमी." मग आपण काय बोलून गेलो हे ध्यानात येऊन ते थांबले. आवाज खाली आला. "इथं हजेरी घेणारंच कोनी नाही. मले वाटलं होतं राहीन. आपल्या पोट्ट्यांचं भलं होईन, असंच वाटलं होतं."

"मग जिन्यावरचे पोट्टे काहून बसवले?" देवीदासने विचारलं.

"थ्यायची बॅच दुसरी हाये, भाऊ. दुसऱ्या कंपनीची." हे सांगताना साहेबांनी टेबलावरची फाईल उगाच सरळ केली. "अन् एक ऐका. कुठी बोलू नका. ना पेपरात, ना गावात. ज्याच्या घरचे बोंबलतात त्याची फाईल खाली जाते, असं वरून सांगितलं हाये. तुमच्या पोराच्या भल्याचं सांगून राहिलो."

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडल्यावर देवीदास एवढंच म्हणाला, "कोनाले काही सांगू नोको. आपलं पोरगं येऊ दे आधी."

आणि ती कोणाला सांगत नव्हतीच. गोदाबाई दर दोन दिवसांनी फोनवर विचारायच्या, "काय म्हणते वं हत्ती?" आणि शकुन म्हणायची, "बरा आहे. तिकडं नेटवर्क नाही म्हणून बोलणं होत नाही." असं पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ते जवळजवळ खरं होतं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिला स्वतःलाच ते ऐकायचं होतं. पुढे सवय झाली.

अकोल्याहून आल्यावर तीन दिवसांनी गोदाबाई स्वतःच राजापेठेत आल्या. पिशवीत तुरीच्या शेंगा, आणि साडीच्या घडीत जपून ठेवलेला कागदांचा गठ्ठा.

"हा नितेशचा. परवा अकोल्याले सही हाये. तू कुलदीपचा वाचला, तसाच हा वाच. मले काय समजते? तू वाचला म्हणजे माह्या जिवाले घोर नाही."

"ठेवून जा गोदाबाई. वाचून सांगते," शकुन म्हणाली.

गोदाबाई दारात चप्पल घालता घालता थांबल्या. "एका कानानं कमी ऐकते म्हणून फौजेनं काढला माह्या पोराले. या लोकायनं विचारलंबी नाही. देवमाणसं हायेत वं."

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुन तो कागद घेऊन बसली. कंपनीचं नाव वेगळं होतं, शिक्का वेगळ्या रंगाचा. पानं अकराच. चौथ्या पानावर तीच ओळ, तिच्याखाली तीच ओळ. या वेळी तिने एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. आजारी पडला, जखमी झाला, बेपत्ता झाला, तर कोण जबाबदार, ते शोधत पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत गेली. तसं वाक्य कुठेच नव्हतं. कुलदीपच्या करारातही नसणार. असलेलं वाचायची तिला सवय होती. नसलेलं वाचायचं तिला सुचलं नव्हतं.

देवीदास त्या दिवशी अमरावतीलाच होता. त्याने तिच्या हातातला कागद पाहिला आणि काय ते ओळखलं.

"सांगशील?"

"तुम्ही काय म्हणता?"

"सांगितलं तं नितेश जाऊन विचारीन. गावात होईन. साहेबाच्या कानावर जाईन." तो खाली बसला. "त्याची फाईल खाली गेली तं?"

"फाईल कुठं आहे? तुम्हाला दिसली कोणाच्या टेबलावर?"

दाराशी मुलं यायला लागली होती, चपला काढत होती. शकुनने उठून त्यांना फळ्यावरची गणितं उतरवायला बसवलं. सवयीने तिने मुलं मोजली. चौदा. आणि मोजता मोजता तिला दिसलं ते जिनिंगचं बंद न होऊ दिलेलं गेट. तिचा बेताच्या हुशारीचा मुलगा त्या गेटमध्ये उभा होता, मुकादमाच्या शिव्या खात, एक बाई कमी आहे म्हणून. त्या बाईचं नावही त्याला ठाऊक नव्हतं.

तो तिथेही रोज सकाळी मोजत असेल. बत्तीस होतो, म्हणाला. त्या मोजणीत एक बहिरा कान वाढवून द्यायचा का त्याला? नितेश समोर येऊन उभा राहिला, आणि कुलदीपने विचारलं, "तुहा करार कोनं वाचला?" तर?

हे भय कोणत्याही फाईलपेक्षा मोठं होतं.

ती आतल्या खोलीत आली. देवीदासने खुंटीवरच्या पिशवीतून तिचा मोबाईल काढला होता. तो त्याने तिच्याकडे धरला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

काय सांगायचं ते तिने आधी मनात लावून घेतलं. नितेशला पाठवू नका, हे शेवटी. त्याच्या आधी, कुलदीपचा पत्ता नाही, चाळीस दिवस होत आले, हे. आणि सगळ्यांत आधी, बरा आहे म्हणत होते ते खोटं होतं, आणि त्याच्याही आधी मी वाचलं ते चुकीचं वाचलं होतं. ही वाक्यं तोंडातून निघाली की कुलदीप हरवला आहे, हे तिच्या स्वतःच्या घरातही खरं होणार होतं. आतापर्यंत ते फक्त अकोल्याच्या एका ऑफिसात खरं होतं.

गोदाबाई या वेळी शेतात असणार. तुरीच्या शेंगा तोडायला गेल्या की मोबाईल बांधावरच्या डब्याजवळ पिशवीत ठेवतात, पहिल्या खेपेला त्यांना कधी ऐकू जात नाही. शकुनने ठरवलं, त्या उचलेपर्यंत फोन लावत राहायचा.